तीन ओळींचा गोषवारा

हिवरवाडीच्या रामहरी मास्तरांनी अर्जात विहिरीचं लिहिलं होतं. एकदा नव्हे, तीनदा लिहिलं होतं. सरकारी कागदात आज याच्या उलट लिहिलेलं आहे आणि ते तसंच राहणार आहे, म्हणून आधी एवढं सांगून टाकते. मास्तरांना गाव सोडावं लागलं ते माझ्यामुळं.

बहात्तरच्या दुष्काळात सोलापुरात पाणीटंचाईच्या कामासाठी एक तात्पुरती कचेरी उघडली होती. सरकीचं जुनं गोदाम भाड्यानं घेऊन त्यात टेबलं मांडलेली. भिंतींना अजून सरकीचा वास यायचा. यजमान गेल्यावर त्यांच्या जागी मी नोकरीला लागले त्याला तेव्हा नऊ वर्षं झाली होती. मला गोषवाऱ्याचं टेबल मिळालं. गावोगावचे अर्ज वाचायचे, त्यात काय आहे ते थोडक्यात एका कागदावर उतरवायचं, तो कागद अर्जाला वरून टाचायचा आणि साहेबांपुढं ठेवायचा. साहेब वरचा कागद वाचत आणि हुकूम देत. खालचा अर्ज कोण वाचणार? रोज तीस-चाळीस यायचे.

निमकर साहेब पुण्याहून आलेले. शिस्तीचे, पण माणूस वाईट नव्हे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला समोर बसवून एक अर्ज घेतला आणि हातात लाल पेन्सिल धरली.

"हे बघा बाई. 'मायबाप सरकारचे चरणी' – काढा. 'आम्ही गरीब लोक' – या जिल्ह्यात यंदा श्रीमंत कोण आहे? काढा. 'आमच्या आज्याच्या काळी ओढा बारमाही वाहत होता' – वाहत असेल, आता नाही ना? काढा. उरलं काय?"

"टँकर पाहिजे," मी म्हटलं.

"बस्. कोण, कुठं, काय हवं. तीन ओळी. चौथी ओळ लिहिलीत तर समजा एका गावाचा वेळ खाल्लात."

ते खोटं नव्हतं. त्यांच्या आधी अर्ज महिनामहिना पडून असायचे. तीन ओळींचे गोषवारे सुरू झाल्यापासून दोन दिवसांत टँकर सुटायला लागले. लोक तहानेले होते. आमच्या तीन ओळींनी त्यांना पाणी मिळत होतं. मला ते काम पूजेसारखं वाटायचं. आणि खरं सांगायचं तर मला ते चांगलं जमायचंही. इतर टेबलांवरचे लोक पाच-सहा ओळींखाली येईनात. साहेब त्यांना माझे कागद दाखवत.

जमायचं त्याला कारण होतं. यजमान गेल्यावर वर्षभर मी नुसती बोलत सुटले होते. येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच तेच सांगायची, ताप कसा चढला, डॉक्टर कधी आले. मठातले स्वामीजी एकदा म्हणाले, "सावित्रम्मा, आठवड्यातून एक दिवस तरी जिभेला विसावा दे." आम्ही लिंगायत, पहाटेची लिंगपूजा आधीपासून होतीच; तेव्हापासून तिच्या जोडीला सोमवारचं मौन धरलं, उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत. कचेरीत सोमवारी मी पाटी घेऊन जायची. पाटीवर किती मावणार? दोन शब्द, तीन शब्द. लिहायचं, दाखवायचं, पुसायचं.

आमचा शिपाई धोंडीराम दर सोमवारी दारातूनच ओरडायचा, "आज बाई पाटीवर हायती बरं का! शब्द मोजून मिळत्याल!"

साहेब हसून म्हणायचे, "अख्ख्या कचेरीला सोमवार लावला पाहिजे."

मला संकोच वाटायचा. पण त्या संकोचाखाली थोडा अभिमानही असायचा. व्रताचा अभिमान धरू नये, हे मला घरात लहानपणापासून शिकवलेलं होतं.

फेब्रुवारीतल्या एका सोमवारी कुंडलिक आला. बार्शीच्या बाजूला, रस्त्यापासून दोन कोस आत हिवरवाडी. सगळं गाव खडी फोडायच्या दुष्काळी कामावर जायचं आणि कामाला सुट्टी सोमवारी, म्हणून तो सोमवारी आलेला. पन्नाशीचा, उंच, अंगावर खडीची पांढरी धूळ तशीच. हातात शाळेच्या वहीची सहा पानं, दोऱ्यानं शिवलेली.

"राम राम बाई. अर्ज आणलाय. आमच्या रामहरी मास्तरानं लिवलाय. म्या सांगितला आन् त्येंनी लिवला. समदं हाय त्यात."

मी हात पुढं केला.

"बाई बोलत न्हाईत व्हय?"

"मौन हाय त्यांचं आज," धोंडीराम म्हणाला. "कान हायती. सांगा की तुमी."

"मग ऱ्हाऊ द्या. आमची कारभारीण बोलती तेवढं दोघांस्नी पुरंल." तो हसला. दात पिवळे, पण हसणं मोकळं होतं. "तिनंच धाडलंय मला. म्हनली, लिवलं तरी तोंडानं सांगून या. कागूद काय, दप्तरात जातोय. बाई, टँकर चौथ्या दिशी येतो. त्यो हिरीत वततो. मग समदं गाव हिरीच्या काठावर. आन् ह्यो काठ हाय न्हवं, ह्यो खडीच्या कामाच्या सुरुंगानं हाललाय. उगवतीकडचं दगूड सुटल्यात. तेवढं सायबाच्या कानावर घाला. लई नड हाय."

मी मान हलवली. पाटीवर लिहिलं: सांगते.

"काय म्हनत्यात?" त्याला वाचता येत नव्हतं.

"सांगते म्हणत्यात," धोंडीरामनं वाचून दाखवलं.

"मग झालं!" कुंडलिकनं दोन्ही हात जोडले. "आता गावात सांगतो, बाईंनी लिवून दिलंय म्हून."

साहेब त्या दिवशी बैठकीला गेले होते, ते संध्याकाळपर्यंत आले नाहीत. मी अर्ज वाचायला घेतला.

त्या अर्जात काय नव्हतं! पहिल्या दोन पानांत कुंडलिकची बायको सोजरबाई ओढ्याच्या वाळूत झरा उकरून वाटीवाटीनं घागर कशी भरते, त्याचं वर्णन. मग टँकरवाल्याची तक्रार. मग शेजारच्या रंभाबाईची शेळी काठावरच्या दगडासकट विहिरीत पडली ती हकिगत, शेळी गाभण होती हेसुद्धा. मग गावातल्या एका म्हाताऱ्यानं काठ बघून काय भाकीत केलं ते. मग पुन्हा टँकर. सहाव्या पानावर अंगठे, आणि अंगठ्यांच्या खाली ताजा कलम: 'विहिरीच्या काठाचे साहेबांनी मनावर घ्यावे, बायामाणसे भितात.'

शेळीचं वाचताना मला वाटलं, नुकसानभरपाई हवी असेल; ती आमच्याकडं नव्हती. म्हाताऱ्याचं भाकीत म्हणजे पाल्हाळच. आणि ताजा कलम म्हणजे आधी सांगितलेलंच पुन्हा. साहेबांचा आणखी एक नियम होता: एका अर्जाला एकच विषय. दुसरा विषय असला तर वेगळी चिठ्ठी करून ज्याच्या त्याच्या टेबलाला पाठवायची. विहिरीची चिठ्ठी करून बांधकामाच्या टेबलावर द्यायची, हे मला माहीत होतं. पुढं अजून सदतीस अर्ज होते. म्हटलं, उद्या करू.

मी लिहिलं: 'हिवरवाडी, लोकसंख्या ६४०. टँकर चौथ्या दिवशी येतो. रोज एक खेप मिळावी.'

मंगळवारी सकाळी साहेबांनी कागदावर नजर टाकली आणि 'मंजूर' लिहिलं. एका मिनिटाचंही काम नव्हतं. वर म्हणाले, "याला म्हणतात गोषवारा!" त्या शब्दानं माझं मन भरून आलं आणि जिभेवर जे यायला हवं होतं ते आलं नाही. मौन सुटलं होतं, साहेब समोर होते, मी पाटीवर 'सांगते' लिहून दिलेलं होतं. मी पुढचा अर्ज पुढं केला.

हिवरवाडीला रोज टँकर जायला लागला. तिथं रोज पाणी येतं, हे कळल्यावर आसपासच्या दोन वस्त्यांवरच्या बायकाही तिथं यायला लागल्या. पूर्वी काठावर शंभर बायका असायच्या, त्या दोनशे झाल्या. नवव्या दिवशी टँकरनं पाणी ओतलं, सगळ्या पोहरे घेऊन एकदम पुढं सरल्या आणि उगवतीकडचा काठ सुटला. पाच बायका दगडांबरोबर आत गेल्या. चौघींची हाडं मोडली. सोजरबाई दगडांखाली राहिली.

मला हे कळलं ते धोंडीरामकडून. फोनवरचा निरोप त्यानं घेतला होता. तो माझ्या टेबलापाशी आला आणि पहिल्यांदाच हळू आवाजात बोलला. "बाई, त्यो उंच मानूस आल्ता बघा, कारभारीण लई बोलती म्हनणारा. तीच गेली."

चौकशी लागली. साहेबांनी मला बोलावलं. त्यांच्यापुढं तो अर्ज होता, वर माझा कागद टाचलेला.

"बाई, विहिरीबद्दल गावानं काही कळवलं होतं का?"

दोन शब्द पुरे होते. 'होय, तीनदा.' मी कागदाकडं बघितलं आणि म्हटलं, "गोषवाऱ्यात नाही, साहेब."

हेही खरंच होतं. आठ वर्षं मी जिभेला वळण लावत होते, त्यातून माझ्या तोंडून हे वाक्य निघालं. साहेबांनी खालचं पान उलटलं नाही. माझ्या गोषवाऱ्यावर त्यांचा विश्वास होता. त्यांनी अहवालात लिहिलं, 'विहिरीच्या स्थितीबाबत गावाकडून पूर्वसूचना नव्हती.' तेवढी एकच ओळ.

पुढचे तीन आठवडे मी एकभुक्त राहिले. सोमवारच्या जोडीला गुरुवारचं मौन धरलं. लिंगपूजेला बसले की हातातल्या लिंगावर दृष्टी ठरायची नाही. सोजरबाईला मी कधी पाहिलं नव्हतं, पण वाटीवाटीनं घागर भरणारा एक हात दिसायचा. व्रतं वाढवली की ओझं हलकं होतं, अशी माझी समजूत होती. ते वाढतच गेलं. कुणाला काही सांगितलं नाही. न सांगायला मौनाची सबब होतीच.

एप्रिलमध्ये, पुन्हा सोमवारीच, कुंडलिक दारात उभा राहिला. मी त्याला आधी ओळखलं नाही. उंची तेवढीच होती, पण माणूस आत कुठंतरी बसल्यासारखा दिसत होता.

"बाई, माझा अर्ज हाय का हितं?"

धोंडीराम पुढं आला. "पाव्हणं, बसा आधी. पानी घ्या."

"पानी नगं." तो माझ्याकडं वळला. "चावडीवर कागूद वाचला गिरामसेवकानं. गावानं सांगितलंच नव्हतं म्हनून लिवलंय त्यात. म्या मास्तराला म्हनलो, मास्तर, म्या तुमाला हिरीचं सांगितलं व्हतं का न्हाय? म्हनलं, सांगितलं व्हतं. मग लिवलं का न्हाय? म्हनलं, लिवलं. मग सरकारच्या कागदात कसं न्हाय? म्हनलं, मला ठावं न्हाय."

गोदामात टाईपरायटर चालू होता तो थांबला.

"म्या शाळंत जाऊन पायतानानं मारलं त्यास्नी. पोरांच्या म्होरं. त्येंनी हात सुदिक वर केला न्हाय. मग गावानं त्येंचं पानी तोडलं. टँकरचं पानी कुनी भरू दीना. चार दिसांनी गेलं गाठोडं घिऊन. श्रीपूरला भाऊ हाय त्यांचा, साकर कारखान्यात. जाताना येवढंच म्हनलं, कुंडलिकराव, कचेरीत जाऊन अर्ज वाचून घ्या. म्हून आलोय. वाचा की बाई."

"आज बाईंचं..." धोंडीराम बोलायला लागला.

मी कपाटाकडं गेले. अर्ज काढला. वरचा माझा कागद सोडवून बाजूला ठेवला. धोंडीरामला वाटलं, मी अर्ज त्याच्या हातात देणार; त्यानं हात पुढं केलासुद्धा. मी खुर्चीवर बसले आणि वाचायला लागले.

आठ वर्षांत पहिल्यांदा सोमवारी उजेडी माझा आवाज निघाला. घोगरा होता. टेबलाटेबलांवरची माणसं बघायला लागली. मी वाचत राहिले. ओढ्यातला झरा, वाटी, घागर. सोजरबाईनं माहेरहून आणलेलं तांब्याचं भांडं गळायला लागलंय, तिथं मास्तरांनी एक पूर्ण वाक्य खर्च केलं होतं. कुंडलिक ऐकताना मधेच म्हणाला, "व्हय. डांबर लावलं व्हतं तिनं त्याला."

शेळीपाशी आले. 'सदर शेळी काठावरील दगड निसटल्याने दगडासहित विहिरीत पडली, यावरून काठ धोक्याचा झाला आहे.' मी पुढं गेले. 'गावातील एका वयोवृद्धाचे म्हणणे असे की, हा काठ एखाद्याचा जीव घेतल्याशिवाय राहणार नाही.' मग टँकर. मग अंगठे. मग ताजा कलम.

'बायामाणसे भितात' हे शब्द वाचून झाले आणि मी कागद खाली ठेवला.

"लिवलं व्हतं मंग," कुंडलिक म्हणाला.

"तीनदा लिहिलं होतं," मी म्हटलं. "मास्तरांनी काही सोडलं नाही. मी सोडलं. साहेबांसाठी तीन ओळी काढून दिल्या, त्यात विहीर घेतली नाही. तुम्हाला 'सांगते' म्हणाले आणि सांगितलं नाही. चौकशीत साहेबांनी विचारलं, तेव्हाही नाही."

तो चिडेल, ओरडेल, पायताण काढेल, असं मला वाटत होतं. काढायला हवं होतं. तो नुसता बघत राहिला, जसं एखादं लांबचं काही दिसतंय का बघतात तसं.

"म्हंजी मास्तराला म्या उगंच..."

"त्यात तुमची चूक नाही. माझ्यामुळं झालं ते."

"न्हाय बाई," तो सावकाश म्हणाला. "सोजरचं तुमच्याकडं. मास्तराला मारलं त्ये म्या मारलं. त्येचं तुमी घिऊ नगा."

तो उठला. दाराशी जाऊन परत आला. "ह्यो कागूद द्या मला. चावडीवर वाचायला पायजे. मास्तराचं नाव सुटाया पायजे त्यातनं."

अर्ज देता येत नव्हता, तो चौकशीच्या फायलीतला होता. मी म्हटलं, नक्कल करून टपालानं पाठवते.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांपुढं कागद ठेवला. 'मूळ अर्जात विहिरीच्या काठाचा उल्लेख तीन ठिकाणी आहे. गोषवारा करताना तो माझ्याकडून गाळला गेला. सबब अहवालात दुरुस्ती व्हावी.' साहेबांनी वाचलं. मग पहिल्यांदाच त्यांनी सहा पानांचा अर्ज हातात घेतला आणि शेवटपर्यंत वाचला. बराच वेळ लागला त्यांना. शेवटच्या पानावर ते थांबले होते, हे मी पाहिलं.

"बाई, अहवाल वर गेला."

"दुसरा पाठवता येईल."

"येईल. तुमची नोकरी जाईल. कदाचित माझीही. आणि ती बाई काही परत येणार नाही." आवाजात राग नव्हता, थकवा होता. "तुम्ही काय गाळलं म्हणता! मीच शिकवलं ना तुम्हाला?"

"मास्तरांचं नाव खराब झालंय, साहेब."

"मास्तरांचं नाव अहवालात कुठंच नाही. मग दुरुस्ती कशाची करू?"

त्यांनी लाल पेन्सिल घेतली, माझ्या तीन ओळींना कंस घातला आणि समासात लिहिलं: अनावश्यक. तो कागद त्यांनी फाडला नाही. फायलीत सगळ्यात खाली लावायला सांगितला. तिथं तो आजही असेल.

मी सहा पानांची नक्कल केली. शेळी गाभण असल्याचं, भांड्याला लागलेल्या गळतीचं, सगळं. एकही शब्द टाकला नाही. साहेबांनी 'खरी नक्कल' म्हणून सही द्यायला नकार दिला, पण शिक्क्याचा ड्रॉवर उघडा ठेवून ते जेवायला गेले. शिक्का मी मारला. त्याखाली माझं नाव लिहिलं. गोषवाऱ्यात विहीर मी गाळली, हेही लिहिलं.

ते पाकीट हिवरवाडीला पोचलं आणि अकरा दिवस कुंडलिकच्या घरी तसंच पडून राहिलं. गावात टपाल वाचून दाखवणारे एकटे रामहरी मास्तरच होते. ग्रामसेवकाकडं चार गावं. तो बाराव्या दिवशी आला तेव्हा चावडीवर वाचलं गेलं. हे मला कळलं मास्तरांच्या पत्रातून.

पत्र मे महिन्यात आलं. श्रीपूरचा शिक्का. अक्षर ओळखीचं झालेलं, अर्जातलंच, गोल आणि सावकाश.

'सौभाग्यवती' लिहून खोडलं होतं. मी कोण, कशी, हे त्यांना माहीत नव्हतं. मग नुसतं 'बाई' लिहिलं होतं. 'कुंडलिकराव आले होते. कारखान्याच्या गेटवर उभे राहिले, आत येईनात. मी बाहेर गेलो. त्यांनी पाया पडण्याचा प्रयत्न केला, मी पडू दिले नाही. दोन दिवस माझ्या भावाकडे राहिले. फारसे बोलणे झाले नाही. गावाने परत बोलावले आहे, असा निरोप होता. मला आता त्या शाळेत उभे राहवणार नाही. मुलांनी पाहिले आहे. येथे उसाच्या गाड्या मोजून लिहिण्याचे काम मिळाले आहे.'

पुढं एक ओळ मोकळी सोडलेली.

'तुमची नक्कल त्यांनी मला दाखवली. आपलाच अर्ज परका असल्यासारखा वाचला. विहिरीची गोष्ट मी पहिल्या वाक्यात लिहावयास पाहिजे होती. कुंडलिकराव जसे सांगत गेले तसे लिहीत गेलो, त्यांचे मन मोडू नये म्हणून. सोजरबाई दारात उभ्या राहून मधे मधे भर घालत होत्या, तेही घेतले. घाईच्या माणसाने वाचायचे आहे, हे ध्यानात घेतले नाही. चूक माझीही आहे. आपण एकटीने वाहू नये.'

ते पत्र मी देवघरात नेऊन तीनदा वाचलं. मार खाल्लेला, गाव गेलेला माणूस माझं ओझं उचलायला हात पुढं करत होता, आणि तो हात मला धरवत नव्हता. मी उत्तर लिहिलं. तुमच्या पत्रातलं शेवटचं मी स्वीकारत नाही, असं लिहिलं. तुम्ही पहिल्या वाक्यात लिहिलं असतं तर बरं झालं असतं, हे खरं. पण तिसऱ्या पानावर लिहिलेलंही वाचायचं माझं कामच होतं आणि मी ते वाचलं होतं. वाचून सोडलं होतं. त्याला पुढं उत्तर आलं नाही. मी वाटही पाहिली नाही. त्यांनी लिहिण्यासारखं काही उरलं नव्हतं.

जूनच्या सुरुवातीला कुंडलिक पुन्हा आला. मी टेबल बदलून मागितलं होतं, साहेबांनी दिलं नव्हतं. म्हणाले, "आता तुमच्याइतकं जपून वाचणारं दुसरं कोण मिळेल मला?" तेव्हा अर्ज माझ्याकडंच आला.

हा अर्ज एसटीच्या तिकिटाएवढ्या चिटोऱ्यावर होता. चालत्या गाडीत लिहिल्यासारखं वेडंवाकडं अक्षर.

"मास्तर न्हाई, लिवनार कोन? गाडीत शेजारी एक कॉलिजातलं पोरगं बसलं व्हतं, त्येच्याकडनं लिवून घेतलं."

मी वाचलं. 'हिवरवाडीच्या विहिरीला कठडा बांधून मिळावा.'

"एवढंच?"

"येवढंच की."

"गावाचं काही? टँकर येतो का वेळेवर? त्या चौघीजणी बऱ्या आहेत का? बसा की. सांगा, मी लिहून घेते. आज घाई नाही."

तो टेबलाच्या कडेला हात टेकून उभा राहिला. पहिल्यांदा आला होता तेव्हा न विचारता किती बोलला होता! आता मी विचारत होते आणि तो शब्द शोधत होता.

"काय सांगू बाई?" तो म्हणाला. "सोजर सांगायची, म्या फकस्त बोलत व्हतो. आता येवढंच ऱ्हायलंय."

धोंडीरामनं शाईची गादी आणली. कुंडलिकनं अंगठा उठवला, तो पटक्याच्या टोकाला पुसला आणि बार्शीची गाडी चुकेल म्हणून निघाला.

त्या अर्जाला मी गोषवारा केला नाही. तसाच आत नेऊन ठेवला. साहेबांनी चिटोरं उलटसुलट करून पाहिलं, गावाचं नाव वाचलं आणि लगेच 'मंजूर' लिहिलं. कोपऱ्यातल्या अंगठ्याकडं त्यांचं लक्ष गेलं नसावं.

"बघा बाई," चिटोरं माझ्याकडं देत ते म्हणाले, "अर्ज असा असावा. लोक शिकतायत हळूहळू."

मी ते घेतलं. हिवरवाडीची फाईल काढली आणि सोजरबाईनं दारात उभं राहून सांगितलेल्या सहा पानांवर ती एक ओळ टाचून ठेवली.